टाचेचा वाफसा

१९५२ साली अर्व्हिन ब्लँक या अमेरिकन संशोधकानं एक साधा, थोडासा किळसवाणा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यानं माणसाच्या तळपायावरच्या घट्ट्यांचे तुकडे घेतले, वाळवून पापडासारखे कडक केले आणि तेला-मलमांत बुडवून ठेवले. तुकडे तेलकट झाले, पण कडकपणा गेला नाही. वाकवायला गेलं की तुटायचे. पाण्यात ठेवलेले तुकडे मात्र मऊ पडले आणि चामड्याच्या वादीसारखे वाकू लागले.

हे वाचल्यावर मला आधी आजी आठवली आणि जरा वाईट वाटलं. ती सिंधुदुर्गातली. तिच्या फडताळात जर्मनच्या वाटीत मुठेलाचा गोळा असायचा, आणि थंडीत घरातल्या प्रत्येकाच्या टाचेवर तो घासला गेलाच पाहिजे असा तिचा दंडक. मग इतकी वर्षं आम्ही टाचा नुसत्या तेलकटच करत होतो की काय? पण तिची एक अट होती, तिचा अर्थ मला फार उशिरा लागला. कोरड्या पायानं कुणी मुठेल घेऊन बसलं की ती उठवायची. ‘आदी पाय धुवन ये गो. सुक्या पायाक लावन काय उपेग?’ ब्लँकला काचेच्या भांड्यात जे दिसलं ते ती ओसरीवर बसून सांगत होती. मऊ करतं ते पाणी. तेल फक्त ते पाणी उडून जाऊ देत नाही.

शेतकऱ्याला हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही. पाऊस पडून गेल्यावर जमीन ना चिखल ना ढेकूळ अशी होते, तो वाफसा. तेवढ्यात पेरणी साधायची. आच्छादन घालायचं तेही रानात ओल असताना. भेगाळलेल्या, खडखडीत काळ्या जमिनीवर पाचट पसरलं तर खाली धरून ठेवायला काही नसतंच. कातडीचंही असंच आहे. अंग पुसल्यावर दोन-तीन मिनिटं ती ना ओली ना कोरडी असते. तेल, मलम, क्रीम जे काही लावायचं ते त्या वेळेत. आपल्याकडे हा वेळ बहुधा टॉवेल वाळत घालण्यात आणि मोबाइल बघण्यात जातो, आणि मग क्रीमला नावं ठेवली जातात.

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. अंगावर बहुतेक ठिकाणी या पेशींचे १५-२० पापुद्रे एकावर एक असतात आणि सगळे मिळून वहीच्या कागदाहून कितीतरी पातळ. पेशी म्हणजे विटा धरल्या तर त्यांच्यामधला चुना स्निग्ध पदार्थांचा: सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं, त्यातही निम्म्याच्या आसपास सेरामाइड. हा चुना आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. विटांच्या पोटातही पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात, युरिया, लॅक्टिक आम्लाचे क्षार, अमिनो आम्लं वगैरे. चुना शाबूत आणि विटा ओलसर, तोवर वरच्या थरात साधारण २० ते ३० टक्के पाणी टिकतं. ते १० टक्क्यांच्या खाली गेलं की कातडी ताणली जात नाही, ती तडकते. आपण म्हणतो अंग फुटलं, ओठ उलले.

पांढरा कोंडा दिसतो त्याचंही कारण पाणीच. वरच्या मेलेल्या पेशी रोज एकेक करून आपोआप गळत असतात, आपल्याला दिसतही नाहीत. त्यांना एकमेकींपासून सोडवायचं काम काही विकरं करतात, आणि विकरांना कामाला ओल लागते. ओल नसली की पेशी सुटत नाहीत, चिकटून राहतात आणि शेवटी झुबक्याझुबक्यानं निघतात. पायाच्या नडगीवर नखानं पांढरी रेघ ओढता येते ती त्यामुळे. शाळेत असताना त्या पाटीवर आम्ही नावं लिहायचो.

आता टाच. तळहात आणि तळपाय या दोनच जागी तेलग्रंथी मुळीच नसतात. बाकीच्या अंगाला नाही म्हटलं तरी घरचं थोडं तेल मिळतं, टाचेला काही नाही. घाम तेवढा येतो. शिवाय इथे मेलेल्या पेशींचा थर एखाद्या मिलिमीटरइतका जाड होतो, घट्टे असतील तर त्याहून जास्त. आतली ओल इतक्या जाड भिंतीतून बाहेरच्या कडेपर्यंत पोचत नाही. त्यात टाचेच्या आत चरबीची गादी असते. उभं राहिलं की वजनानं ती गादी बाजूंना फुगते, उशीवर हात दाबल्यासारखी. मागून बंद असलेला बूट तिला आवरून धरतो. सपाता, चपला मोकळ्या सोडतात. गादी फुगते, कड ताणली जाते, कड कोरडी आणि जाड असल्यामुळे ताणत नाही, तडकते. म्हणून भेगा टाचेच्या मधोमध न पडता काठानं पडतात. दाब पडत राहिला की शरीर त्या जागी आणखी जाड थर चढवतं, आणि भेगेचे दोन्ही काठ जितके जाड तितकी भेग प्रत्येक पावलागणिक बिजागरीसारखी उघडझाप करत खोल जाते. जिवंत थरापर्यंत पोचली की रक्त, आणि मग शहाबादी फरशीवर पाय टेकवत नाही. जुनी माणसं याला जळवात म्हणत.

दिवसभर उभ्यानं काम करणाऱ्यांच्या, अनवाणी चालणाऱ्यांच्या आणि वजन जास्त असलेल्यांच्या टाचा का फुटतात ते यावरून कळावं. बायकांच्या टाचा जास्त फुटतात असं म्हणतात. मला यात ओट्यापाशी घालवलेले तास आणि मागून उघड्या चपला हीच दोन कारणं दिसतात.

थंडीतच का, या प्रश्नाचं सरसकट दिलं जाणारं उत्तर म्हणजे हवा कोरडी असते. ते अर्धंच खरं. पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारची हवा डिसेंबरपेक्षाही कोरडी असते, तरी एप्रिलमध्ये हातपाय तितके फुटत नाहीत, कारण घाम अंगाला सतत ओलं ठेवतो. डिसेंबरात घाम थांबतो, कातडी स्वतःचा स्निग्ध चुनाही थंडीत कमी बनवते आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण कडकडीत पाण्यानं अंघोळ करतो. गरम पाणी आणि साबण मिळून विटांमधला चुना धुऊन नेतात. वीस मिनिटं गीझरखाली उभं राहिलं तर विटांच्या पोटातले पाणी धरणारे पदार्थही निघून जातात. अंघोळीनंतर त्वचा ताणल्यासारखी वाटते तेव्हा हे झालेलं असतं. कोमट पाणी, दहा मिनिटांच्या आत अंघोळ, आणि साबण फक्त काखा, जांघा, पाय अशा गरजेच्या जागी, एवढं पाळलं तर कित्येकांना क्रीम विकत घ्यावीच लागणार नाही.

साबणाबद्दल एक गोष्ट. आपल्या कातडीचा पृष्ठभाग किंचित आंबट असतो, सामू ५ च्या आसपास. नेहमीच्या साबणवडीचा सामू ९ ते १०. चुना दुरुस्त करणारी यंत्रणा आंबटपणात चांगली चालते, त्यामुळे प्रत्येक साबणानंतर तिला काही तास पुन्हा जम बसवावा लागतो. दिवसात दहादा हात धुणाऱ्याला तेवढी उसंत मिळत नाही. औषधाच्या दुकानात ‘साबणविरहित’ वड्या मिळतात, त्या महाग असल्या तरी ज्याचं अंग खरोखर फुटतं त्यानं घ्याव्यात. दुधाची, मधाची, बदामाची चित्रं वेष्टणावर असलेला साबण हाही साबणच असतो.

बाटलीत काय असतं? नावं शंभर, पण कामं तीनच. पहिलं काम पाणी ओढून धरायचं: ग्लिसरीन, युरिया, लॅक्टिक आम्ल. दुसरं, सुटलेल्या पापुद्र्यांमधल्या फटी बुजवून स्पर्श गुळगुळीत करायचा: निरनिराळी तेलं आणि मेदद्रव्यं. तिसरं झाकण घालायचं: पेट्रोलियम जेली, मेण, घट्ट तुपासारखे पदार्थ. पातळ लोशनमध्ये बहुतेक पाणीच असतं. लावताना गार वाटतं, तासाभरात उडून जातं. क्रीम त्याहून बरं, मलम सगळ्यात बरं आणि सगळ्यात चिकट. उन्हाळ्यात मलम सहन होत नाही आणि थंडीत लोशन पुरत नाही.

ग्लिसरीन नुसतं कधी लावू नये. ते पाणी ओढतं, पण हवेत भरपूर दमटपणा असेल तरच हवेतून. पुण्या-नागपूरच्या थंडीत ते कातडीच्याच आतल्या थरातून पाणी वर ओढतं आणि तिथून ते उडून जातं. गुलाबपाण्यात मिसळायची जुनी पद्धत म्हणून योग्य. त्यावर थोडं तेल किंवा जेलीचं बोट फिरवलं की काम पुरं.

पेट्रोलियम जेलीला नाक मुरडण्याची सध्या फॅशन आहे. तिची जन्मकथा खरंच तेलकट आहे. १८५९ मध्ये रॉबर्ट चेसब्रो नावाचा तरुण रसायनतज्ज्ञ पेनसिल्वेनियातल्या टायटसव्हिलच्या नव्या तेलविहिरी बघायला गेला, तर तिथले कामगार यंत्राच्या दांड्यांवर साचणारा मेणचट गाळ भाजल्या-कापल्यावर लावताना त्याला दिसले. तो गाळ शुद्ध करून त्यानं १८७२ मध्ये व्हॅसलीनचं पेटंट घेतलं. पण पाणी अडवण्यात या स्वस्त जेलीच्या जवळपास जाणारं दुसरं काही नाही, आणि तिची ॲलर्जी क्वचितच कुणाला होते. खोबरेलही वाईट नाही. २००४ साली फिलिपिन्समध्ये झालेल्या एका छोट्या चाचणीत कोरड्या कातडीवर खोबरेल आणि खनिज तेल सारखंच उपयोगी ठरलं होतं. ऑलिव्ह तेलाचं मात्र कौतुक आवरावं. त्यात ओलेइक आम्ल फार, आणि ते चुन्याची घडी विस्कटतं. मोहरीच्या तेलाबाबतही मी हात आखडता घेते.

आणि मुठेल. कोकमाची फळं एप्रिल-मेमध्ये पिकतात. सालांची आमसुलं होतात, बिया उरतात. त्या वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळतात. वर तरंगलेला मेद काढून घेतात आणि गार होऊन थिजायला लागला की मुठीत दाबून गोळे वळतात. मुठीत वळलेलं ते मुठेल. गोव्याकडे आणि दक्षिण कोकणात याला भिरंडेलही म्हणतात, कारण कोकमाचं फळ म्हणजे भिरंड. हे खोबरेलासारखं २४-२५ अंशांना वितळत नाही. त्याला ४० च्या आसपास जावं लागतं. टाचेच्या भेगेला ते मानवतं याचं रहस्य इथेच आहे. खोबरेल पायाच्या उबेनं पातळ होऊन चादरीला लागतं, मुठेल रात्रभर भेगेत बसून राहतं. आजीच्या गोळ्यावर तिच्याच बोटांचे ठसे उमटलेले असायचे.

आता प्रत्यक्ष कृती. वेळ रात्रीची, झोपण्याआधी. बादलीत किंवा टबात घोट्यापर्यंत कोमट पाणी घ्यायचं, दहा-पंधरा मिनिटं पाय सोडून बसायचं. पाण्यात मीठ, शाम्पू, लिंबू, सोडा असलं काही घालायची गरज नाही. लिंबू तर भेगांत झोंबतं आणि सोडा-शाम्पू उरलासुरला चुनाही नेतात. पाय भिजला की जाड कड पांढुरकी, रबरासारखी होते. मग वजरी. हलक्या हातानं, एकाच दिशेनं, जाड कडेवरून, भेगेच्या आत नाही. एका रात्रीत सगळं खरवडून टाच गुलाबी करायचा मोह टाळावा. जास्त घासलं की शरीर त्याला इजा समजतं आणि दुप्पट जाड थर चढवतं. आठवड्यातून दोनदा, दोन-चार मिनिटं पुरे. ब्लेडनं कातणं नको. पार्लरमध्ये कुणी करून देत असेल तरी नको.

पाय टिपून घ्यायचे, चोळायचे नाहीत. टाच किंचित ओलसर राहू द्यायची, पण बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करायच्या. लगेच युरियाचं क्रीम: १० टक्क्यांचं असेल तर नुसतं मऊ करतं, २०-२५ टक्क्यांचं जाड कडा झिजवतंही. भेगेतून रक्त येत असेल तर युरिया भयंकर चुरचुरतं, तेव्हा ते आठवडाभर बाजूला ठेवून नुसतं झाकण वापरावं. क्रीमवर मुठेल किंवा पेट्रोलियम जेली, भेगेत बोटानं दाबून. वर सुती मोजे. मोजे चादर वाचवण्यासाठी आहेतच, पण ते ओलही कोंडून ठेवतात. मुठेल पळीत वितळवून कढत कढत भेगेत सोडायची जुनी रीत आहे. हातावर थेंब टाकून सोसवलं तरच ती करावी, नाहीतर भेगेच्या जागी भाजल्याचा फोड यायचा.

तीन-चार दिवसांत टाच मऊ लागते आणि माणूस थांबतो. सगळा घोटाळा इथेच होतो. मऊपणा असतो तो आत मुरलेल्या पाण्याचा. भेग भरायला नवी कातडी खालून वर यावी लागते आणि तळपायावर त्याला आठवडे लागतात. निदान महिनाभर रोज, नंतर आठवड्यातून दोन-तीनदा. दिवसा मागून बंद पादत्राणं, घरातही काहीतरी पायात.

मधुमेह असलेल्यांसाठी यातल्या निम्म्या सूचना बदलतात. जुन्या मधुमेहात घामाला हुकूम देणाऱ्या नसाच निकामी होतात, त्यामुळे पाय मुळातच ठणठणीत कोरडे. दुखण्याची जाणीव देणाऱ्या नसाही जातात, त्यामुळे खोल भेग पडली तरी कळत नाही. भेग म्हणजे जंतूंना उघडं दार. त्यांनी पाय भिजत घालून बसू नये, वजरी, कढत तेल, घट्टे काढायची जळजळीत औषधं यांना हात लावू नये, पाण्याची उष्णता पायानं न बघता कोपरानं किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाकडून बघून घ्यावी. रोज रात्री आरसा धरून तळपाय बघावा. क्रीम दोन वेळा लावावं, बेचक्यांत सोडून. भेग लाल झाली, ओली झाली, वास आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

खाजेकडे वळते, कारण टाच दुखते पण नडगी आणि पाठ खाजतात. कोरड्या कातडीत खाजेच्या बारीक नसा चिडतात. खाजवलं की क्षणभर बरं वाटतं, कारण दुखण्याची संवेदना खाजेला दाबते. पण नखांनी चुना आणखी उखडतो, सूज आणणारी द्रव्यं सुटतात आणि खाज वाढते. म्हाताऱ्या माणसांच्या नडग्या यानं अक्षरशः आटलेल्या तळ्याच्या तळासारख्या दिसू लागतात. नखं बारीक कापायची, खाज सुटली की गार पाण्याची घडी पाच मिनिटं ठेवायची, मग क्रीम. क्रीमची बाटली फ्रीजमध्ये ठेवली तर आणखी बरं. ॲलर्जीच्या गोळ्या या खाजेवर फारशा चालत नाहीत, झोप तेवढी आणतात. प्रमाणही नीट घ्यावं. ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ अर्ध्या ग्रॅमची. दोन तळहातांएवढ्या जागेला ती पुरते. सगळ्या अंगाला एका वेळी २० ग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे छोटी ट्यूब दोन दिवसांत संपायला हवी. महिनाभर पुरत असेल तर आपण लावत नाही, दाखवतो.

काही खाजा कोरडेपणाच्या नसतात. रात्री अंथरुणात वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटात, बेंबीभोवती बारीक पुरळ, आणि घरातली आणखी कुणी खाजवतायत: ही खरूज, तिला सगळ्या घरानं एकाच वेळी औषध लावावं लागतं. तळपायावर रेषारेषांत पिठासारखा कोंडा, नख जाड पिवळं, आणि महिनाभर क्रीम लावून फरक नाही: बुरशी. कातडीवर काहीच दिसत नाही पण अंगभर खाजतं, तेव्हा थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत यांच्या तपासण्या डॉक्टर सांगतील. यातल्या कशालाही औषधाच्या दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ आणून लावू नये. तिच्यात बहुधा तीव्र स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज बसते, माणूस खूश होतो, आणि बुरशी मात्र खाली मोकाट पसरते, तीही ओळखू न येण्यासारखं रूप घेऊन. आमच्या शेजारी एकांनी असं वर्षभर केलं. शेवटी त्वचारोगतज्ज्ञाकडे सहा महिने खेपा घालाव्या लागल्या.

हातांचं सांगायचं तर भांडी घासताना आत सुती आणि वर रबरी हातमोजे. डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटंच टोकाला फुटत असतील तर लसूण आठवून बघा. सोलताना पाकळी त्याच बोटांत धरलेली असते. गवंडीकाम करणाऱ्यांचे हात फुटतात त्यामागे सिमेंटमधल्या क्रोमियमची ॲलर्जी असू शकते, तिथे मुठेल पुरत नाही. ओठांना जीभ लावायची नाही. लाळ उडून जाताना ओल घेऊन जाते. झोपताना तूप किंवा जेली. बेंबीत तेल घातल्यानं ओठ फुटत नाहीत हे मीही लहानपणी केलंय, पण बेंबीतून ओठांकडे जाणारा रस्ता शरीरात नाही. ते तेल सरळ ओठांनाच लावावं.

जूनमध्ये पाऊस लागला की मुठेलाची वाटी आजी वरच्या फळीवर ठेवून द्यायची. मग चार महिने पायांचं दुखणं उलटं: बेचक्यांत चिखल्या, पांढऱ्या आणि ओल्या. तेव्हा तेल, क्रीम, मोजे सगळं बंद. पाय धुवायचे, जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यानं एकेक बेचकी कोरडी करायची आणि उघडे ठेवायचे.